शीग आणि पासंग

निवडणूक आली की प्रचार शिगेला पोहोचतो. सामना रंगला की उत्साह शिगेला पोहोचतो. वर्तमानपत्रात हा शब्द सारखा वाचायला मिळतो, पण शीग म्हणजे काय हे आता खेड्यातल्या पोरांनाही सांगावं लागतं. पायली धान्यानं काठोकाठ भरली की तिच्यावर आणखी ओंजळीनं धान्य सोडत जायचं. काठाच्या वर धान्याचा लहानसा डोंगर उभा राहतो. मग एक वेळ अशी येते की वरून टाकलेला दाणा टिकत नाही, घरंगळून खाली येतो. तिथं शीग पुरी झाली. त्याच्या वर जाणं नाही.

असाच दुसरा शब्द पासंग. 'हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही,' असं आपण म्हणतो. तराजूची दोन पारडी रिकामी असताना सारखी राहत नसतील, तर हलक्या बाजूला जो खडा टाकतात तो पासंग. शीग ही मापातली गोष्ट, पासंग ही वजनातली. आमच्या पिढीनं लहानपणी धान्य मापानं मोजलेलं पाहिलं आणि मिसरूड फुटेपर्यंत ते किलोनं मोजायला लागलो. या बदलात कुणाचं किती गेलं आणि कुणाला किती मिळालं, त्याचा हा हिशेब आहे.

आधी मापांविषयी. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. हे कोष्टक शाळेत पाठ करून घेत, पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनाही ते येत होतं. कारण उघड आहे. सगळा कारभार दुपटीचा. ज्याला फक्त 'अर्धं' आणि 'दुप्पट' कळतं त्याला निळव्यापासून पायलीपर्यंत कुठंही अडत नाही. पायलीच्या पुढं मात्र गावोगावी वेगळं. कुठं सोळा पायल्यांचा मण, कुठं बारा पायल्यांचा. वीस मणांची खंडी. पायलीसुद्धा एका तालुक्याची दुसऱ्या तालुक्याला जुळेलच असं नाही. कोकणात गेलं की कुडव आणि फरा आले, भाताचे मुडे आले.

जुन्या कागदपत्रांत धान्याच्या आकड्याबरोबर 'कैली' हा शब्द भेटतो. कैली म्हणजे मापानं मोजलेलं. तो लिहावा लागे, कारण मण दोन प्रकारचा होता, एक मापाचा आणि एक वजनाचा. शेरही तसाच, एक मापी आणि एक वजनी. धान्य मापानं, गूळ, तूप, मसाला, कापूस वजनानं. एकाच नावाची दोन जावळी भावंडं घरात असावीत तसा हा प्रकार, आणि बाहेरचा माणूस त्यात हमखास चकायचा.

वजनाच्या बाजूलाही एकवाक्यता नव्हती. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे आजच्या पावणेतेरा किलोंच्या आतला. रेल्वेचा पक्का मण ४० शेरांचा, म्हणजे ३७ किलोंहून जास्त. नाव एक आणि माल जवळजवळ तिप्पट. कंपनी सरकारनं १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा ठरवला, आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा होता. त्यामुळे वाण्याकडं वजन नसलं तर पारड्यात रुपये टाकून भागत असे. ८० तोळ्यांचा शेर, ५ तोळ्यांची छटाक. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर, पाच शेरांची पासरी, दहा शेरांचा धडा, चाळीस शेरांचा मण. इथंही लहान वजनं दुपटीनंच चढत जातात.

आता खळ्यावर या. मळणी झाली, उफणणी झाली, जोंधळ्याची रास पडली. रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन असं मोजत जायचं. माप भरणारा माणूस गुडघ्यावर बसलेला, शेजारी पोतं धरून दुसरा, आणि भोवतीनं ज्यांचा ज्यांचा वाटा आहे ते सगळे उभे. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, गुरव. वर्षभर केलेल्या कामाचं बलुतं त्यांना त्या राशीतून मिळायचं. कापणी-खुडणीच्या बायकांची मजुरी त्यातूनच. तेव्हा सगळ्यांची नजर धान्यावर कमी आणि भरणाऱ्याच्या हातावर जास्त असायची.

कारण पायली तीच, पण भरायच्या तऱ्हा अनेक. वरून अलगद सोडलं तर दाणे सैल बसतात. माप हलवलं, जमिनीवर आपटलं, वरून तळव्यानं दाबलं तर दाणे एकमेकांत बसतात आणि तेवढ्याच मापात आणखी मूठ-दोन मुठी मावतात. मग काठावरून हात फिरवून सपाट करायचं की शीग ठेवायची? आणि शीग ठेवली तरी तिची उंची कोण ठरवणार?

हे मी पुढं मोठेपणी गणितानं करून पाहिलं. समजा, चार लिटरची गोल पायली आहे आणि तिचं तोंड १८ सेंटिमीटर रुंद आहे. जोंधळ्याची रास साधारण २८ अंशांच्या उतारानं उभी राहते. तिच्यावरची शीग ४०० मिलिलिटरच्या आसपास भरते, म्हणजे मापाचा दहावा हिस्सा. आता तीच चार लिटरची पायली बुटकी केली आणि तोंड २२ सेंटिमीटर ठेवलं, तर शीग ७४० मिलिलिटरपर्यंत जाते. म्हणजे शंभराला अठरा जास्त. पोट तेच, फक्त तोंड चार बोटं... चार बोटंही नाही, दोन बोटं रुंद. सरकारी शिक्का पोटाला असतो, शिगेला नसतो.

हे गणित सावकाराला शिकवावं लागत नव्हतं. पेरणीच्या तोंडाला घरातलं धान्य संपलं की माणूस त्याच्या दारात जायचा. वाढीदिढीनं धान्य मिळायचं. नेताना एक पायली, सुगीला परत करताना सव्वा किंवा दीड. हा उघड व्याजदर. त्याच्या पोटात दुसरा व्याजदर लपलेला. देताना माप सैल आणि हात फिरवून सपाट, घेताना आपटून आणि शीग लावून. वर दहा-पंधरा टक्के असे निघायचे की ते कुठल्याच वहीत लिहिलेले नसत. 'मापात पाप' ही म्हण काही कुण्या कीर्तनकारानं घरी बसून रचलेली नाही.

अशा वेळी दशमान पद्धत आली. कायदा झाला १९५६ साली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक ठिकाणी नवी वजनं आली, आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात किलो-ग्रॅम देशभर सक्तीचे झाले. मधल्या काळात महाराष्ट्र राज्यही झालं. आमच्या माणदेशातल्या गावात तर माणसं म्हणत, "राज नवं, पैसा नवा, आता शेरबी नवा. जुनं काय ऱ्हायलं, तर दुष्काळ."

शेराचा किलो करणं तसं सोपं होतं. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो म्हणजे एक शेर आणि जवळजवळ सहा तोळे. घोळ झाला तो भावात, कारण आणे आणि शेर दोन्ही एकदमच बदलले. बारा आणे शेर असलेली डाळ किलोला किती नव्या पैशांनी पडावी? बारा आणे म्हणजे ७५ नवे पैसे. ते ९३३ ग्रॅमचे. किलोचे झाले ८० पैसे. हा हिशेब वाण्याला तोंडपाठ, गिऱ्हाइकाला नाही. त्यानं ८५ सांगितले तरी समोरचा गप्प. पुष्कळांनी यावर आपला तोडगा काढला. नवी वजनं घेतली आणि जुनी नावं त्यांना चिकटवली. २३३ ग्रॅमचा पावशेर २५० ग्रॅमचा झाला, अदपाव १२५ ग्रॅमचा झाला. आजही बाजारात बाई 'पावशेर मिरच्या द्या' म्हणते आणि भाजीवाला मुकाट्यानं २५० ग्रॅमचं वजन टाकतो. शेर मेला, त्याचा पाव जिवंत आहे.

खरी अडचण पायलीची. पायलीचे किलो किती, या प्रश्नाला एक उत्तरच नाही. कशाची पायली? आजीला हा प्रश्न पडला तेव्हा तिनं कुणाला विचारत बसण्यापेक्षा मला कामाला लावलं. घरची पायली आणि धान्याची गाठोडी घेऊन मी वाण्याच्या दुकानात जायचं, प्रत्येक धान्य सपाट मापून तागडीत टाकायचं आणि आकडा लिहून आणायचा. आमची पायली चार लिटर पाण्याची होती. तिच्यात जोंधळा बसला तीन किलो. गहू तीन किलो आणि वर शंभर ग्रॅम. बाजरीचा दाणा बारीक, तो दाटीनं बसतो, ती भरली तीन किलो दोनशे. तांदूळही जवळपास तेवढाच. भात मात्र सव्वादोन किलोंवरच थांबलं, कारण प्रत्येक दाणा आपलं टरफल घेऊन बसलेला. आणि भुईमुगाच्या शेंगा? मोठ्या मुश्किलीनं किलोभर. वाणी हसून म्हणाला, "म्हातारीला सांग, शेंगांच्या मापात निम्मं वारंच असतं." आजीनं आकडे ऐकून घेतले आणि तिच्या पद्धतीनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. पुढं कित्येक वर्षं मालाचा भाव तिनं त्या रेघांवरून ताडून पाहिला.

याच तीन किलोंवरून गावात एका सुगीला तंटा उभा राहिला. जोंधळ्याच्या खुडणीला बायकांना दिवसाची पायली ठरलेली. एका मोठ्या शेतकऱ्यानं त्या वर्षी काटा आणला आणि जाहीर केलं, की आता सरकारी कायद्याप्रमाणं पायलीऐवजी तीन किलो मिळतील. कागदावर त्याचं चुकत नव्हतं. सपाट पायली तीन किलोंचीच होती. पण मजुरीची पायली कधीच सपाट नव्हती. रीतच होती, की बाईला देताना शीग लावायची. ती शीग घरच्या लहान पोराची, असं समजलं जायचं. टोळीतली सगळ्यांत वयस्क बाई, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, ती पुढं झाली. म्हणाली, "मालक, तुमचा काटा खरा आसंल. आमी न्हाई म्हणत न्हाई. पर आदी पायली भरा, दर साल भरता तशी. आन मग ती काट्यावर टाका. जे काय भरंल ते आमचं."

खळ्यावर सगळे जमले होते. मालकाला नाही म्हणता येईना. पायली भरली, वर शीग लावली, काट्यावर ओतली. साडेतीन किलोंना थोडी कमी भरली. आक्का म्हणाली, "बगा. तीन किलो तुमची पायली आन वरचं आमचं लेकरू." त्या वर्षापासून त्या शिवारात खुडणीची मजुरी साडेतीन किलो झाली. ती आक्का निरक्षर होती. पण मापाचं वजन करताना माप कसं भरलेलं होतं हेही त्याबरोबर वजनात आलं पाहिजे, हे तिला कळलं होतं. वजन-मापांचं कोष्टक छापणाऱ्यांनी पायलीपुढं एक आकडा लिहिला आणि ते मोकळे झाले. शिगेसाठी त्या कोष्टकात रकाना नव्हता. आक्का पुढं आली नसती, तर रोजचं अर्धा किलो धान्य कुणाच्या लक्षातही न येता नाहीसं झालं असतं.

पुढं १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर माणसं गेली, अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळाला, पोरांना सुकडी मिळाली. ते सगळं किलो-ग्रॅममध्ये. त्या दोन वर्षांत अडाण्यातल्या अडाणी माणसाला किलो पक्का कळला. पोटानं शिकवलं की मास्तर लागत नाही. पायल्या हळूहळू माळ्यावर गेल्या.

एका जागी मात्र माप हटलं नाही, ते म्हणजे चूल. तिथं आजही वाटी आहे, पळी आहे, मूठ आणि चिमूट आहे. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत पोहोचलं, त्यातही प्रमाण वाटी-चमच्याचंच. यात मागासलेपण काही नाही. बाजारात आपण किती नेलं हे महत्त्वाचं असतं, तिथं वजन हवं. चुलीवर कशाला किती हे महत्त्वाचं असतं. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. वाटी लहान असो की मोठी, भात तसाच होतो. माणसं वाढली तर मोठं भांडं घ्यायचं, हिशेब तोच. म्हणजे पुन्हा तोच दुपटीचा कारभार, निरक्षर बाईलाही जमणारा.

पण पदार्थ नाजूक असला की वाटीचंही पाप बाहेर येतं. पुरणाचं घ्या. किलोभर हरभऱ्याच्या डाळीला किलोभर गूळ, ही आमच्याकडची रीत. आता शहरात राहणारी नात फोनवर विचारते, "आजी, वाटीनं सांग ना." आजी सांगते, वाटीला वाटी. डाळीची वाटी भरते १७० ग्रॅम. गूळ किसून सैल भरला तर वाटीत दीडशे ग्रॅमही येत नाही, आणि चेपून भरला तर डाळीच्याही पुढं जातो. नातीचं पुरण एका वर्षी अळणी, दुसऱ्या वर्षी पोळी लाटताना पाघळतं. सांगणारीचं बरोबर आणि करणारीचंही बरोबर. अडचण गूळ भरण्याच्या हातात आहे.

म्हणून ज्यांना वाटीचे ग्रॅम करून हवे असतात, त्यांनी आजीसारखं एकेका जिनसाचं वजन करून ठेवावं. २०० मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ साधारण १६० ग्रॅम बसतो, साखर १७०, बारीक मीठ २४०. गव्हाचं पीठ नुकतंच चाळलेलं असेल तर शंभरच्या आसपास आणि डब्यात दबून बसलेलं असेल तर सव्वाशेपर्यंत. एवढा फरक एकाच पिठात पडतो, म्हणून पीठ वजनानं घ्यावं हे बरं. दूध पाण्याहून किंचित जड, वाटीला २०६ ग्रॅम. तेल हलकं, १८० च्या थोडं वर. तेलाचा हा फरक दुकानातही उपयोगी पडतो. लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ९१० ग्रॅम छापलेलं असतं. सुटं तेल किलोनं घेणारी बाई आणि लिटरची पिशवी घेणारी बाई एकच भाव देत असतील, तर दुसरीच्या कढईत ९० ग्रॅम तेल कमी पडतं. जुन्या भाषेत दीड छटाक.

वजन आल्यानं पाप संपलं असं मात्र नाही. तागडीच्या काळात दांडी मारणारे होते, पारड्याखाली चिंच चिकटवणारे होते, लोखंडी वजनाच्या बुडाचं शिसं काढणारे होते. आता विजेचे काटे आले, आकडा दशांशापर्यंत दिसतो. बाजार समितीत पोतं उतरवून काट्यावर ठेवणाऱ्याला अजूनही मापाडीच म्हणतात, त्याच्या हातात माप नसलं तरी. आणि कित्येक ठिकाणी आकडा लागल्यावर पोत्यामागं किलो-दोन किलो कापून घेतले जातात. ओल म्हणून, माती म्हणून, बारदान म्हणून. त्याला कडता म्हणतात. पूर्वी शेतकऱ्याकडून घेताना शीग वर चढवत, आता कडता खाली उतरवतात. वाट तीच आहे, फक्त दिशा बदलली.

आमच्या गावात अलीकडं काही पोरांनी वर्गणी काढून एक मोठा काटा घेतला. बाजाराला माल न्यायच्या आदल्या रात्री ज्याचं त्याचं पोतं त्यावर ठेवतात, वजन पोत्यावरच रंगानं लिहितात आणि मग टेंपो भरतात. बाजारात कडत्याची भाषा सुरू झाली की पोरगं पोत्यावरच्या आकड्याकडं बोट दाखवतं. दर वेळी ऐकलं जातंच असं नाही. पण आक्कानं खळ्यावर केलं होतं तेच ही पोरं करताहेत. मापून दिल्यावर भांडायचं नाही, मापायच्या आधी सगळ्यांसमोर मापून ठेवायचं.